शिलेदाराचे हत्यार, रयतेचा परवाना

‘हत्यार’ हा शब्द ‘हत्या’पासून आला असे अनेकांना वाटते. ‘हत्यारा’ शेजारीच उभा असल्यामुळे तो समज पक्का होतो. हत्यारा हत्येतूनच आला, यात वाद नाही. हत्यार मात्र हातातून आले. संस्कृतातला हस्त प्राकृतात हत्थ झाला आणि त्या हत्थपासून प्राकृतातच ‘हत्थियार’ तयार झाले. जे हाताला चालवता येते ते हत्यार, मग त्याने लाकूड तासा नाही तर माणूस कापा. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 सालची. तिच्यातही हत्याराचे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. शस्त्राचे तसे नाही. ते ‘शस्’ या धातूवरून आले आणि त्या धातूचा अर्थच कापणे, ठार करणे असा आहे. शासन आणि शास्त्र हे ‘शास्’ धातूचे. कानाला शस्त्र आणि शासन सख्खी भावंडे वाटतात, पण त्यांचे कूळ वेगळे आहे.

हत्याराचे हे दुहेरी नाते पाहायचे असेल तर खंडेनवमीला एखाद्या सुताराच्या कामठ्यावर जावे. आदल्या संध्याकाळीच करवत, रंधा, पटाशी, किंकरे, वाकस, गिरमिट घासूनपुसून ठेवलेले असते. सकाळी पाटावर मांडून प्रत्येकाला हळदकुंकू लागते, रंध्याच्या मुठीला झेंडूचे फूल खोचले जाते आणि त्या दिवशी कुणी पाते लाकडाला लावत नाही. खंडेनवमीतला खंडा म्हणजे तलवार, मूळ संस्कृत खड्ग. सण तलवारीच्या नावाचा आणि पूजा करवतीची. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात रायफलींना हार पडतात. मराठी माणसाला यात काहीही विसंगत वाटत नाही.

लोकांच्या हाती हत्यार असले तर सरकार जुलूम करायला कचरते, असा एक जुना विचार आहे. अमेरिकेने 1791 मध्ये आपल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला आणि त्यावरचा वाद तिथे आजही पेटता आहे. आपल्याकडेही हा प्रश्न होता, फार तीव्रतेने होता. पण तो आपण वेगळ्या शब्दांत मांडला. ते शब्द नीट उलगडले तर हत्यार, माणूस आणि सत्ता यांच्यातला व्यवहार किती गुंतागुंतीचा आहे ते दिसते.

शिलेदार हा त्यातला मला सर्वांत मोलाचा शब्द वाटतो. अरबीत ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. त्याला फारसी ‘दार’ लागून सिलाहदार, आणि मराठी जिभेवर शिलेदार. शस्त्रागाराला शिलेखाना म्हणत, तोही याच घरातला. (दसऱ्याचे शिलंगण मात्र या घरचे नव्हे, ते सीमोल्लंघनातून आले.) शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे. त्याच्या समोर बारगीर. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे, ‘गीर’ म्हणजे घेणारा. मूळ अर्थ ओझ्याचे जनावर, पुढे दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढणारा स्वार. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, हत्यार सरकारी, आणि मोहीम संपली की दोन्ही परत.

शिलेदाराचा वट कशात होता? मन उठले तर तो आपला घोडा घेऊन चालता होऊ शकत होता. बारगिराला ती सोय नव्हती. शिवाजी महाराजांनी हे बरोबर ओळखले होते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात पागा बळकट केल्याचे आणि शिलेदार पागेच्या हुकमतीत ठेवल्याचे सांगितले आहे. कारणही दिले आहे, ते असे की कुणाला बंड करता येऊ नये. वतनदारांचे कोट आणि हुडे पाडून त्यांना साध्या घरात राहायला लावल्याचा उल्लेखही त्याच बखरीत आहे. हत्यारबंद माणूस सत्तेला आवर घालू शकतो, हे सत्तेला पुरते ठाऊक होते. पण ते वतनदार कोटाच्या आत बसून काय करत होते, हेही सभासद सांगतो. ते रयतेला नागवत होते. राजाला न भिणारा माणूस गरिबाची गय करील, अशी हमी त्याच्या हत्यारात कुठेच लिहिलेली नव्हती.

बारगिराचे पुढे काय झाले ते बंगालीत पाहावे. अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वर्षानुवर्षे स्वाऱ्या केल्या. तिथे बारगीरचे ‘बर्गी’ झाले आणि पोराला निजवताना घालायच्या भीतीत तो शब्द आजवर टिकून आहे. आपल्या अभिमानाचा स्वार दुसऱ्याच्या अंगाईत बागुलबुवा होऊन बसला, हे मराठी वाचकाने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

आता रयत. अरबीत रा‘इया म्हणजे राखायचा कळप, आणि राई म्हणजे गुराखी. रयत म्हटले की राखणारा वेगळा आणि राखले जाणारे वेगळे हे त्या शब्दातच आले. उस्मानी तुर्कांच्या राज्यात तर याची कायद्याने विभागणी होती. हत्यार बाळगणारे आणि कर न भरणारे ते अस्करी, कर भरणारी आणि बिनहत्यारी ती रयत. महाराष्ट्रात मात्र शब्द तोच राहिला आणि वागणे वेगळे. पावसाळ्यात नांगर धरणारा कुणबी दसरा उलटला की भाला घेऊन मुलूखगिरीला निघत होता. डर्क कोल्फ या डच इतिहासकाराने उत्तर हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांविषयी हेच दाखवून दिले आहे की इथला शेतकरी मोठ्या प्रमाणात हत्यारबंद होता. रयत हा कळप नव्हता.

रयतेचा कळप पुढे कसा झाला, याची अर्धी गोष्ट बंदुकीत आहे. अरबीत बुंदुक म्हणजे एक कठीण कवचाचे फळ. काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रदेशावरून ग्रीकांनी त्याला नाव दिले, ते अरबीत गेले. तशाच आकाराच्या गोळीला बुंदुक म्हणू लागले आणि मग ती गोळी फेकणाऱ्या नळीलाही. आपल्याकडे आधी तोड्याची बंदूक आली, तोडा म्हणजे पेटती वात. मग ठासणीची. नळीत दारू ओतायची, चिंधी घालायची, गजाने ठासायचे, छर्रे टाकायचे, पुन्हा ठासायचे. गडचिरोलीकडे हिलाच भरमार म्हणतात. हे सारे शब्द घरचे आहेत, कारण कामही घरचे होते. नळी गावचा लोहार घडवी. दारूला सोरा, गंधक आणि कोळसा लागे.

काडतूस मात्र पोर्तुगिजांचे, मूळ ‘कार्तुशू’. पिस्तूलही त्यांच्याच गलबतातून उतरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस रूढ झाले आणि लोहाराचे काम संपले. हे काडतूस कारखान्यातच होते, आणि कारखाना सरकारचा किंवा सरकारच्या मर्जीतला. हिंदुस्थानी फौजेतल्या शिलेदारी रिसाल्यांची गंमत पाहा. शब्द इंग्रजांनीही तोच ठेवला होता. घोडा, खोगीर, तलवार हे सारे स्वाराचे स्वतःचे, रायफल आणि काडतुसे तेवढी सरकारची. शिलेदाराचे नाव राहिले आणि कळीची वस्तू हातातून गेली.

उरलेली गोष्ट कायद्याची. 1857 च्या उठावानंतर अवधातल्या तालुकदारांच्या गढ्या पाडल्या गेल्या, गावोगाव हत्यारे गोळा झाली. 1878 साली व्हाइसरॉय लिटनने अकरावा कायदा केला, तो हत्यारांचा कायदा. त्याच वर्षीचा नववा कायदा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा. दोन्ही एकाच मनातून निघाले होते. पुढे व्हाइसरॉय रिपनने वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला, हत्यारांचा तसाच ठेवला. लेखणी परत मिळाली, हत्यार मिळाले नाही.

हत्यारांच्या कायद्यातली खरी जखम बंदुकीच्या अभावाची नव्हती. गोऱ्या माणसाला परवाना लागत नव्हता, त्याच्या शेजारच्या हिंदी माणसाला लागत होता, ही जखम होती. कोडगूच्या लोकांना सूट मिळाली, कारण ते राजनिष्ठ ठरले. म्हणजे हत्यार हे निष्ठेचे बक्षीस. 1887 च्या मद्रास काँग्रेसमध्ये बिपिनचंद्र पालांनी हा कायदा रद्द करा म्हणून आवाज उठवला. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात फौजेसाठी माणसे गोळा करत फिरताना गांधीजींनी पत्रकात लिहिले की सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरेल. अहिंसेच्या उपासकाने हे लिहावे, यावरून तो सल किती खोल होता ते कळावे. 1931 च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, हत्यार बाळगण्याचा हक्क नोंदवला गेला.

आणि तरीही 1878 चा हा कायदा बंड रोखू शकला नव्हता. कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोश्यांना बरोबर घेऊन शिरूरजवळच्या धामारीवर पहिला दरोडा घातला. हत्यारे त्यांना मिळाली. मिळाला नाही तो पैसा, आणि पुण्यातल्या शिकलेल्यांचा आधार. जुलैत ते पकडले गेले आणि 1883 साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

परवाना हा फारसी शब्द. दिव्यावर झेप घेणारा पतंग तो परवाना, आणि राजाचा लेखी हुकूम तोही परवाना. परवानगी त्याचीच मुलगी. 1959 च्या नव्या शस्त्र कायद्यानेही परवाना कायम ठेवला, गोऱ्याकाळ्याचा भेद तेवढा उरला नाही. आज निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याची तक्रार असते की शेतीसंरक्षणाची बंदूक ठाण्यात पडली आणि रानडुकरांनी भात लोळवले. त्याची तक्रार खरी आहे, आणि तिचा सरकारच्या जुलमाशी काही संबंध नाही.

जुलमाशी संबंध आहे तो रझाकार या शब्दाचा. मराठवाड्यात तो आजही कुणी सहज उच्चारत नाही. अरबी ‘रिझा’ म्हणजे संमती, खुशी. तिच्यातून आपली रजा आली, राजी आला, नाराज आला, संमतीचा कागद तो राजीनामा आला. रझाकार म्हणजे आपखुशीने काम करणारा, स्वयंसेवक. निजामाच्या हैदराबाद राज्यात 1947-48 मध्ये हे स्वयंसेवक म्हणजे हत्यारबंद नागरिकच होते. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करत असे. सरकारला आवर घालण्यासाठी त्यांनी हत्यार उचलले नव्हते. सरकारला स्वतःच्या हाताने करायला अवघड जावे असे काम ते गावोगाव करत होते. त्यांच्याशी झुंजायला सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसच्या तरुणांनीही बंदुका घेतल्या, करोडगिरीचे नाके जाळले, गावे राखली. त्या तरुणांचे ऋण कोणी नाकारू नये. जुलमी राजवटीपुढे हत्यार कामी येते, याचा तो मराठीतला सर्वांत जवळचा दाखला. पण त्याच दाखल्यात रझाकारही आहेत, आणि एकाला झाकून दुसऱ्याची गोष्ट सांगता येत नाही.

हैदराबादची पोलीस कारवाई सप्टेंबर 1948 मध्ये आटोपली. गांधीजींचा पिस्तुलाने खून होऊन वर्ष पुरे झाले नव्हते. त्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामतांनी दुरुस्ती मांडली, नागरिकाला हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. कामत आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात आलेले. कराचीच्या ठरावाची आठवण त्यांनी करून दिली आणि ती रास्तच होती. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती नाकारली. जो तो बाजारात जाऊन, सरकारच्या कुठल्याही आडकाठीविना, वाटेल ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालवणार कसे, असा त्यांचा प्रश्न होता. मला आंबेडकरांचे बरोबर वाटते. खेड्यात बंदूक प्रथम कुणाच्या भिंतीवर लटकली असती, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. ती पाटलाच्या, देशमुखाच्या, सावकाराच्या भिंतीवर लटकली असती, आणि तिची नळी सरकारी कचेरीकडे नाही, गावकुसाबाहेर वळली असती.

संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 19 नागरिकांना शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क देतो. निःशस्त्र हा रुळलेला शब्द असताना अनुवादकांनी विनाशस्त्र घेतला. पहिल्या वाचनाला तो अडखळवतो, विनाश ऐकू येतो. तरी मला तो पटतो. निःशस्त्र या शब्दाला 1878 चा वास आहे, ज्याचे हत्यार कुणीतरी काढून घेतले असा तो माणूस. विनाशस्त्र माणूस हत्यार घरी ठेवून आलेला असतो.

त्याच संविधानाच्या अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. ही सूट शिखांनी इंग्रजी अमलात झगडून मिळवली होती. ज्यांच्या धर्मातच हत्यार आहे त्या अकाली शिखांनी 1922 साली अमृतसरजवळच्या गुरू का बाग येथे काय केले, ते मला या सगळ्या शब्दांहून मोठे वाटते. वाद लंगरच्या जळणाचा होता, महंत आपली म्हणे त्या गुरुद्वाराच्या जमिनीवरची लाकडे तोडण्याचा. अकाल तख्तावर अहिंसेची शपथ घेऊन रोज जथा निघे, पोलीस लाठ्यांनी झोडपत, आणि त्यांतल्या कित्येकांनी महायुद्धात रणांगण पाहिलेले असूनही कुणी हात उचलत नसे. सी. एफ. अँड्रूज ते पाहून गव्हर्नरांना भेटले. मारहाण थांबली, अटका सुरू झाल्या, पाच हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. अखेर सर गंगाराम या निवृत्त इंजिनिअरने ती जमीन महंताकडून खंडाने घेतली आणि अकाल्यांना लाकूड तोडायला मोकळी करून दिली.