कोल्हापूर पायी पायी: एका भिंतीच्या अलीकडे गाणं, पलीकडे कुस्ती

कोल्हापूरला दोन दिवस जायचं म्हटलं की आपला प्लॅन ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, मिसळ, तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि येताना चपला. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आजच्या भागात मी तुम्हाला त्याच कोल्हापुरात गाडी बाजूला लावून चालायला सांगणार आहे. कारण या शहरात चित्रं, दगड, गाणं, नाटक, सिनेमा आणि कुस्ती एकमेकांना इतकी खेटून उभी आहेत की त्यांचं नातं पायी फिरल्याशिवाय कळत नाही. आणि हे सगळं टिकवायला पैसे कोण देतं, हा प्रश्नही चालतानाच पडतो.

सुरुवात पहाटे अंबाबाईच्या देवळापासून करू. दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी एक प्रदक्षिणा बाहेरून घाला, मोबाइल खिशात ठेवून. काळ्या दगडाच्या भिंतीला असंख्य कोन दिलेत, त्यामुळे ऊन सरकेल तशी सावली मोडत जाते. त्या भिंतीवर नर्तकी आहेत, वाद्यं वाजवणाऱ्या मूर्ती आहेत. म्हणजे या गावात संगीत आधी दगडात आलंय.

देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. हाच किरणोत्सव. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी गणित बरोबर मांडलं होतं. पण आता किरणांच्या वाटेवर इमारती आल्यात आणि त्यांच्या अडथळ्यांची चर्चा दर वर्षी होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

याच देवळात भूर्जीखाँ गायचे. भूर्जीखाँ म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे संस्थापक उस्ताद अल्लादियाखाँ यांचे चिरंजीव. अल्लादियाखाँ १८९५च्या सुमारास कोल्हापुरात आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला आणि त्यानंतर त्यांनी नव्याने गायकी घडवली, असं सांगतात. पेचदार ताना, अनवट राग, एकाही स्वराचा आळस नाही! देवीच्या देवळात मुसलमान गवई गातोय, याचं इथे कुणाला नवल वाटत नव्हतं.

देवळातून भवानी मंडपात या आणि तिथून टाउन हॉलकडे चालत जा. १८७०च्या दशकातली ही इमारत चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरने आखली. नवा राजवाडाही त्याचाच. तो १८८४ साली पूर्ण झाला, पण मँट १८८१ सालीच गेला होता. युरोपची कमान, इथला घुमट, इथला काळा दगड, सगळं एकाच इमारतीत बसवायची त्याची हौस दांडगी होती. बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस सुरू केला तोही यानेच.

टाउन हॉलमध्ये आज संग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती सापडली. समुद्र कुठे, कोल्हापूर कुठे! रोमशी चाललेला व्यापार घाट चढून इथवर आला होता, त्याचा हा पुरावा.

तिथेच आबालाल रहिमान यांची चित्रं बघा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस गावी परतला आणि रंकाळा, कोटितीर्थ, तिथलं पाणी आणि धुकं रंगवत राहिला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. कथा अक्षरशः खरी मानू नका. पण आश्रयदाता गेल्यावर कलावंताचं काय होतं, ते तिच्यात नेमकं आलंय. अल्लादियाखाँही त्यानंतर कोल्हापूर सोडून मुंबईला गेले.

दुसऱ्या दिवशी खासबागेत चला. १९०२ साली शाहू महाराज युरोपात गेले होते. त्यांचा ५० टक्के आरक्षणाचा प्रसिद्ध आदेश निघाला तो याच दौऱ्याच्या काळात. रोमचं कलोझियम बघून त्यांच्या डोक्यात आलं, असलं मैदान आपल्या पैलवानांना का नको? मग खासबाग मैदान झालं. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती गोल चढत जाणारी बैठक. शेवटच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते.

आणि या मैदानाच्या पाठीला पाठ लावून उभं आहे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ साली पूर्ण झालेलं. भिंतीच्या एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नाट्यपद! आपल्याकडे ‘रांगडं कोल्हापूर’ आणि ‘कलापूर’ अशी दोन वेगळी शहरं असल्यासारखं बोलतात. शाहू महाराजांनी मात्र दोघांना एकच भिंत दिली. जवळच गायन समाज देवल क्लब आहे, मैफलींसाठी प्रसिद्ध.

केशवराव कोल्हापूरचेच. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली. १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत ‘संयुक्त मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, अवघ्या ३१व्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या कंपनीचे पडदे रंगवणारे दोन भाऊ होते, आनंदराव आणि बाबूराव पेंटर. पडदा रंगवता रंगवता त्यांना पडद्यावर हलणाऱ्या चित्राचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. व्ही. शांताराम याच कंपनीत शिकले. पुढे १९२९ साली ‘प्रभात’ निघाली तीही कोल्हापुरातच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. या कंपनीला भांडवल कुणी दिलं? तानीबाई कागलकर या गायिकेने. म्हणजे गाण्यातून कमावलेल्या पैशावर मराठी सिनेमा उभा राहिला, आणि तो पैसा एका बाईचा होता. राजाश्रयाच्या इतिहासात ही ओळ ठळक करून वाचायला हवी.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छत, खुर्च्या जळाल्या. वर्षानुवर्षं तिथे काम केलेले कलावंत रस्त्यावर उभे राहून रडत होते. सरकारने निधी जाहीर केला, नाट्यगृह होतं तसंच उभारायचं ठरलं. ते व्हायलाच हवं.

पण भिंती उभ्या राहिल्या म्हणजे काम झालं का? किरणोत्सव आठवा. देऊळ जागेवर आहे, गणित अजून बरोबर आहे. किरणांची वाट तेवढी मोकळी ठेवायची आहे आणि ते काम शहराचं आहे. गाण्याचं, नाटकाचं तसंच. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोन्याच्या तबकडीतून अंतराळात गेली. ज्या घराण्याची मुळं याच गल्ल्यांत रुजली, त्याचा आवाज आज सूर्यमालेच्या टोकाला पोचलाय. आणि इथे मात्र मैफलीच्या पहिल्या दोन रांगा सोडल्या तर बाकी खुर्च्या आपली वाट बघतात.

आता महाराज नाहीत, तानीबाईही नाहीत. आश्रयदाते म्हणून उरलोय आपण, तिकीट काढणारे. म्हणून कोल्हापूरच्या प्लॅनमध्ये एक संध्याकाळ मोकळी ठेवा. शहरात काय चाललंय ते विचारा. नाटक असेल, मैफल असेल, खासबागेत कुस्त्या असतील. तिकीट काढून बसा. आणि आज रात्री हेडफोन लावून केसरबाईंची भैरवी ऐका, शांतपणे, शेवटपर्यंत.

तुमच्या गावातलं असं एखादं जुनं थिएटर किंवा मैदान असेल तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा!