माथेरान

माथेरान हे महाराष्ट्र राज्यातील रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एक थंड हवेचे ठिकाण आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या एका डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर ते वसले आहे. 'माथ्यावरचे रान' असा नावाचा अर्थ सर्वसाधारणपणे सांगितला जातो. गावात खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे येथील रस्ते आजही तांबड्या मातीचे आहेत आणि वाहतूक मुख्यतः पायी व घोड्यावरून चालते. स्थानिक कारभार माथेरान गिरिस्थान नगरपरिषद पाहते.

इतिहास

डोंगराच्या उतारांवर व पायथ्याशी ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्या पूर्वीपासून होत्या. इंग्रजी कागदपत्रांत मात्र माथेरानचा 'शोध' मे १८५० मध्ये लागला अशी नोंद आहे आणि त्याचे श्रेय ठाणे जिल्ह्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याला दिले जाते. शोध हा शब्द येथे साहेबाच्या बाजूनेच खरा आहे; डोंगरावर जाण्याच्या वाटा पायथ्याच्या लोकांना ठाऊकच होत्या. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कार्यकाळ १८५३–१८६०) याने या ठिकाणाच्या विकासाला चालना दिली. १८५६ मध्ये कल्याणपासून पुढे नेरळमार्गे लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईहून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा प्रवास सोपा झाला. त्यानंतर युरोपीय अधिकाऱ्यांबरोबर मुंबईतील पारशी, बोहरी आणि गुजराती धनिकांनीही येथे बंगले बांधले. त्यांतील अनेक बंगले आज उपाहारगृहे व विश्रामगृहे झाले आहेत, तर काही बंद दारांनी उभे आहेत.

प्रशासकीय दृष्ट्या कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आला. १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले.

नेरळ–माथेरान रेल्वे

मुंबईतील उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली हा मार्ग १९०१ ते १९०७ या काळात बांधला गेला. त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. २२ मार्च १९०७ रोजी वाहतूक सुरू झाली. दोन फूट रुंदीचा हा मार्ग सुमारे २१ किलोमीटर लांब असून त्यावर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. चढ कमाल २० फुटांना १ फूट असल्याने सरळ मार्ग शक्य नव्हता. म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत वर नेले आहेत, आणि आडव्या अंतराने जवळ असलेल्या ठिकाणी पोहोचायलाही गाडीला बराच वेळ लागतो. वाफेची इंजिने १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत धावत होती.

मार्ग मुरमाड उतारावरून जात असल्यामुळे पावसाळा ही त्याची कायमची अडचण आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मोठे नुकसान होऊन तो २००७ पर्यंत बंद राहिला. डबे घसरण्याच्या घटनांमुळे २०१६ मध्ये आणि रूळ वाहून गेल्यामुळे २०१९ मध्ये वाहतूक पुन्हा थांबली. नेरळपासूनची पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. भारतातील पर्वतीय रेल्वेंच्या जागतिक वारसा स्थळाला जोड म्हणून या मार्गाचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे.

हुतात्मा भाई कोतवाल

माथेरानचा इतिहास बहुधा गव्हर्नर आणि बंगल्यांपाशीच थांबतो. साहेबांच्या याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि परिसरातील शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठीचा उपक्रम चालवला. १९४२ च्या चले जाव आंदोलनात त्यांनी भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडून कारखाने व रेल्वे यांचा वीजपुरवठा तोडणे हे या दस्त्याचे मुख्य काम होते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. सिद्धगडावर दरवर्षी या दिवशी त्यांना अभिवादन करण्यात येते.

पर्यावरण आणि वाहतुकीचा प्रश्न

केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आणि सदाहरित झाडी आहे. शेकरू व वानरे सहज दिसतात.

मोटारबंदीमुळे गावाची शांतता टिकली, पण तिचा भार माणसांच्या खांद्यावर पडला. आजारी, वृद्ध आणि सामान वाहून नेण्यासाठी हातरिक्षा हेच साधन होते. ९४ परवानाधारक चालक चढावर प्रवासी ओढत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. घोडेवाल्यांना त्यामुळे आपल्या उपजीविकेची चिंता वाटली, तर मातीच्या रस्त्यांवर फरसबंदीचे ठोकळे बसवण्यावरूनही वाद झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचे सांगून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि चालकांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळे बसवण्यास मुभा मिळाली. अंतर्गत रस्ते व पायवाटांवर मात्र ती नाकारण्यात आली.

प्रेक्षणीय स्थळे

कड्यांवरील जागांना येथे 'पॉइंट' म्हणतात व त्यांची नावे अजून बहुतांशी इंग्रजीच आहेत. पॅनोरमा पॉइंट सूर्योदयासाठी, तर पॉर्क्युपाइन पॉइंट सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. लुईझा पॉइंटवरून प्रबळगड दिसतो. गावाला पाणी पुरवणाऱ्या शार्लोट तलावाजवळ ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. बाजारात चिक्की व चामड्याच्या चपला विकल्या जातात. जून ते सप्टेंबर या काळात पाऊस व धुके दाट असते. पर्यटकांची गर्दी सुट्टीच्या दिवशी असते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत गाव खऱ्या अर्थाने निवांत असते.

कसे जावे

जवळचे रेल्वे स्थानक मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील नेरळ हे आहे. शहाड हे कल्याण–कसारा मार्गावर असल्याने शहाड, टिटवाळा परिसरातून येणाऱ्यांना कल्याण येथे गाडी बदलावी लागते. नेरळहून छोटी गाडी किंवा दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी मिळते. नाक्यावर प्रवेशकर भरून पुढचे सुमारे तीन किलोमीटर पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉजहून गाडीने जाता येते. सिद्धगडाला जाणाऱ्यांसाठी मात्र शहाडवरून जाणारा कल्याण–मुरबाड रस्ता सोयीचा आहे; मुरबाडहून म्हसामार्गे गडाच्या पायथ्याकडे जाता येते.