रोगाच्या दोषांतून औषधाची वाट

कर्करोगावरील औषधांचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानांत येते. कर्कपेशी मारणारीं द्रव्यें मनुष्यास सांपडलीं, परंतु तीं नेमकीं रोगस्थानीं पोंचविण्याची वाट मात्र सहजासहजीं सांपडली नाहीं. शिरेंतून दिलेलें लहान रेणूंचें औषध सर्व शरीरभर पसरतें, आणि कर्कपेशींबरोबर केसांच्या मुळांना, आंतड्यांच्या अस्तराला व अस्थिमज्जेलाहि पोळतें. ज्या घरानें हा उपचार पाहिला आहे, त्यास हें अधिक सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें ‘जादूच्या गोळी’ची कल्पना मांडली होती, ती गोळी रोगास लागावी, रोग्यास लागूं नये, ही त्याची आकांक्षा. तिच्याकडे नेणारी एक वाट पुढें जपानांत दिसली. तिचाच वृत्तांत आम्ही येथें देत आहों.

क्यूशू बेटावरील कुमामोतो विद्यापीठांत हिरोशी माएदा हे निओकार्झिनोस्टॅटिन नांवाच्या एका प्रथिनरूप औषधावर काम करीत होते. तें सूक्ष्मजंतूंपासून मिळतें व अत्यंत जहाल असतें. परंतु रेणु लहान असल्यामुळें मूत्रपिंडें तें थोड्याच वेळांत बाहेर टाकतात. माएदा ह्यांनीं त्याला एका कृत्रिम द्रव्याच्या सांखळ्या जोडल्या. ह्या नव्या औषधास ‘स्मँक्स’ असें नांव मिळालें. तें रक्तांतील अल्ब्युमिन ह्या मोठ्या प्रथिनास बिलगून दीर्घकाळ फिरूं लागलें, आणि आश्चर्य असें कीं, गांठींत तें विशेष सांचूं लागलें.

हें कां व्हावें? यासुहिरो मात्सुमुरा व माएदा ह्यांनीं १९८६ सालीं ह्याचें उत्तर प्रसिद्ध केलें. त्यांनीं गांठी असलेल्या उंदरांच्या शिरेंत ‘इव्हान्स ब्ल्यू’ नांवाचा निळा रंग सोडला. हा रंग रक्तांत शिरतांच अल्ब्युमिनला चिकटतो, म्हणजे मोठ्या रेणूच्या पाठीवर बसून प्रवास करतो. गांठ निळी झाली व निळीच राहिली. भोंवतालच्या निरोगी मांसांत तसा रंग भरला नाहीं.

ह्याच्या कारणाचा अर्धा भाग अमेरिकेंत आधींच उकलला होता. नव्या रक्तवाहिन्या फुटल्यावांचून गांठ एकदोन मिलिमीटरपलीकडे वाढूं शकत नाहीं, हा विचार जूडा फोकमन ह्यांनीं १९७१ सालीं मांडला होता. गांठ स्वतःच एक द्रव्य स्रवून वाहिन्यांना पाझर फोडते, हें हॅरोल्ड ड्व्होरॅक ह्यांच्या मंडळीनें १९८३ सालीं दाखविलें होतें. उरलेला अर्धा भाग निचऱ्याचा. पेशींभोंवतीं सांचलेला द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या गांठींत नीट काम करीत नाहींत. ज्या घराचे नळ गळके आणि मोरी तुंबलेली, त्या घरांत पाणी सांचणारच. लहान रेणु आला तसा रक्तांत परत जातो. मोठा रेणु एकदां आंत पडला कीं अडकतो. रोगाचे हे दोन दोषच औषधाला उपयोगी पडले.

१९९३ सालीं जपाननें स्मँक्सला यकृताच्या कर्करोगासाठीं मान्यता दिली. खसखशीच्या तेलाशीं आयोडिनचा संयोग करून बनविलेल्या ‘लिपिओडॉल’मध्यें तें मिसळून यकृताच्या धमनींत सोडीत. १९९५ सालीं अमेरिकेंत ‘डॉक्सिल’ मान्य झालें. त्यांत डॉक्सोरुबिसिन हें जुनें औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पुटिकांत भरलेलें असतें. त्यानें हृदयावरील अपाय कमी झाला, हा लाभ लहान नव्हे.

येथून पुढें मात्र घाई झाली. उंदरांत दिसलेली गोष्ट पुष्कळांनीं सर्व रोग्यांस लागू पडणारा नियम मानली. वास्तविक इशारा मिळाला होता. कानपूरच्या आय. आय. टी.त शिकून अमेरिकेंत गेलेले राकेश जैन ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांतच दाखविलें होतें कीं, निचरा नसल्यामुळें गांठीच्या आंतील द्रवाचा दाब वाढतो व तो औषधाला बाहेर ढकलतो. ज्या तुंबलेल्या मोरीनें औषध राखावयाचें, तीच त्याचा प्रवेश अडवूं लागते! शिवाय उंदराची गांठ कांहीं आठवड्यांत वाढते, मनुष्याची बहुधा कित्येक वर्षांत; आणि रोग्यारोग्यांतच काय, एकाच गांठीच्या दोन भागांतहि वाहिन्या सारख्या नसतात. २०१६ सालीं टोरांटो येथील वॉरन चॅन ह्यांच्या मंडळीनें मागील दहा वर्षांचे प्रयोग तपासले. ते बहुतेक उंदरांवरचेच होते. तरीहि दिलेल्या सूक्ष्मकणांपैकीं गांठींत पोंचणारा मध्यम वांटा शेंकडा ०.७ इतकाच भरला.

माएदा २०२१ सालीं निवर्तले. केवळ पाझरावर विसंबून राहणें त्यांसहि मान्य नव्हतें. रक्तदाब तात्पुरता वाढवून किंवा नायट्रोग्लिसरिन देऊन गांठीकडे अधिक औषध वळविण्याचे उपाय त्यांनीं सुचविले होते.

त्या उंदराची गांठ निळी झाली, हें आजहि तितकेंच खरें आहे. चूक झाली ती त्या निळ्या रंगावरून प्रत्येक रोग्याचें भविष्य वाचण्यांत. वर्तमानपत्रांत नव्या औषधाची वार्ता येते, तेव्हां घरांत आजारी माणूस असलेल्यांचें मन तिकडे धांव घेणें स्वाभाविक आहे. अशा वाचकांनीं दोन प्रश्न जवळ बाळगावेत, एवढेंच आमचें सांगणें: हें उंदरांत दिसलें कीं माणसांत, आणि दिलेल्या औषधापैकीं रोगापर्यंत पोंचलें किती?