शिशूंमधील झटके आणि संप्रेरकांचे उपचार

साधारणपणे तीन ते बारा महिन्यांच्या वयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार नेहमीच्या आकडीसारखा दिसत नाही. बाळाची मान एकाएकी पुढे झुकते, हात पसरतात, पाय पोटाकडे ओढले जातात आणि क्षणा-दोन क्षणांत अंग सैल पडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच. असे झटके ओळीने येतात, बहुधा बाळ झोपेतून जागे होत असताना. झटक्यांनंतर बाळ रडते. त्यामुळे घरात पोटदुखीचा किंवा दचकण्याचा समज होतो आणि ग्राइप वॉटर, दृष्ट काढणे यांत आठवडे निघून जातात. दरम्यान आईकडे पाहून हसणारे बाळ हसेनासे होते, सावरलेली मान पुन्हा कलू लागते.

या विकाराला ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. इंग्लंडमधील डॉ. विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपल्याच मुलाच्या झटक्यांचे वर्णन केले होते. जळवा लावणे, रेचके, अफूचे औषध असे त्या काळचे सारे उपाय त्यांनी करून पाहिले. गुण आला नाही. पुढे १९५२ मध्ये गिब्ज दांपत्याने अशा बाळांच्या मेंदूच्या विद्युत्-आलेखातील (ईईजी) उंच, विस्कळीत लहरींना ‘हिप्सॅरिथमिया’ हे नाव दिले. झटके आणि हा आलेख यांवरून निदान होते.

अपस्मारावरील नेहमीची औषधे येथे बहुधा निष्प्रभ ठरतात. एक औषध, मग दुसरे, मग दोन्ही एकत्र, ही इतर अपस्मारांत चालणारी वाट येथे वेळ दवडणारी आहे. उपयोगी पडतात ती संप्रेरके. १९५८ मध्ये बेल्जियममधील सोरेल व दुसोसी-बोलुआ यांनी ‘एसीटीएच’ या संप्रेरकाने झटके थांबतात असे दाखवले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून (पिट्युटरी) स्रवणारे हे संप्रेरक मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करण्यास उद्युक्त करते. त्याने झटके का थांबतात, याचे उत्तर मात्र पूर्ण मिळालेले नाही. ताणाच्या वेळी मेंदूत स्रवणारे सीआरएच हे द्रव्य अपरिपक्व मेंदूला चेतवते आणि एसीटीएच त्याला आवर घालते, असा एक तर्क आहे.

एसीटीएच स्नायूत टोचावे लागते; प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तोंडावाटे देता येते. ब्रिटनमध्ये १०७ बाळांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांअखेर संप्रेरके घेणाऱ्या ७३ टक्के बाळांचे झटके थांबले. व्हिगाबॅट्रिन हे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. संप्रेरकांपैकी प्रेडनिसोलोन आणि कृत्रिम एसीटीएच यांच्या यशात फारसा फरक आढळला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७७ बाळांच्या चाचणीत दोन्ही उपचार एकत्र दिल्यावर ७२ टक्के, तर केवळ संप्रेरके दिल्यावर ५७ टक्के बाळांचे झटके थांबले. तथापि दीड वर्षाच्या वयात दोन्ही गटांच्या बौद्धिक विकासात फरक दिसला नाही. फरक पडला तो दिरंगाईचा: झटके सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत जितके दिवस अधिक गेले, तितका विकास मागे राहिला. या साऱ्या आकड्यांत पालकांच्या हाती असलेली गोष्ट एवढीच. मोबाइलवर झटक्यांचे चित्रण करून ते त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवल्यास निदान पुष्कळ सोपे होते.

विकाराचे मूळही शोधावे लागते. भारतात जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे व नवजात बाळाची रक्तशर्करा खालावणे ही कारणे ठळकपणे आढळतात. अंगावर फिकट पांढरे डाग असल्यास ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस’ हा आनुवंशिक विकार तपासतात. त्यात संप्रेरकांऐवजी व्हिगाबॅट्रिनला पहिली पसंती असते. त्या औषधाने दृष्टिक्षेत्राच्या कडा कायमच्या आकसण्याचा धोका आहे.

संप्रेरकेही निरुपद्रवी नाहीत. प्रेडनिसोलोनची सुरुवातीची मात्रा बरीच मोठी, बहुधा दिवसाला ४० ते ६० मिलिग्रॅम असते. रक्तदाब व रक्तातील साखर वाढते, चेहरा सुजतो, बाळ चिडचिडे होते, झोप उडते. संसर्गाचा धोका मोठा. म्हणून उपचारांपूर्वी क्षयरोगाची चाचपणी होते आणि गोवरासारख्या जिवंत लशी तूर्त लांबणीवर टाकतात. चेहरा सुजलेला पाहून घरच्यांनी औषध एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण या काळात बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावी लागते.

किमतीची गोष्ट वेगळीच. अमेरिकेत एसीटीएचच्या एका कुपीचा भाव ऑगस्ट २००७ मध्ये सुमारे १,६५० डॉलरवरून २३,००० डॉलरच्या वर नेण्यात आला. औषध तेच, अनेक दशके जुने. भारतात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या स्वस्त असून लहान गावांतही मिळतात. येथील अडचण औषधाची कमी, वेळेवर ओळखण्याची आणि ईईजीची सोय जवळ असण्याची अधिक.

झटके थांबल्यानंतरही ईईजी पुन्हा काढून मेंदूतील लहरी सुधारल्याची खात्री करतात. पुष्कळ बाळांत काही महिन्यांनी झटके परततात. तेव्हा संप्रेरकांचा दुसरा क्रम, केटोजेनिक आहार, तर मेंदूच्या एकाच भागात दोष असल्यास शस्त्रक्रिया, हे पर्याय उरतात.