वाड्याचें गांव आणि देवळाचें गांव

गांवाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम वाडा शोधतो. वाडा असला म्हणजे सनदा असतात, सनदा असल्या म्हणजे तारखा असतात, आणि तारखा मिळाल्या कीं इतिहास साधला असें त्यास वाटतें. इंग्लंडांतील ग्रामेतिहास असेच जमीनदाराच्या हवेलीभोंवतीं गुंफलेले असतात. आम्हीं इंग्रजी विद्येच्या मंडळींनीं तोच कित्ता गिरविला. परंतु पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील पारनेर तालुक्याचीं दोन गांवें एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे हा कित्ता किती अपुरा आहे तें ध्यानांत येतें.

पहिलें गांव जामगांव. येथें महादजी शिंद्यांचा वाडा आहे. १७६१ सालीं पानिपतांतून जखमी होऊन वांचलेल्या या पुरुषानें १७८४ सालीं दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांकरितां वकील-ई-मुतलकी मिळविली. तरी स्वतःस पाटील म्हणवून घेण्यांतच त्यास भूषण वाटे. पण वाड्यामागची दौलत जामगांवच्या शिवारांत पिकलेली नव्हती. ती उत्तरेच्या मुलुखगिरीवर उभी होती. १७९४ सालीं वानवडीस महादजी निवर्तले, पुढें शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरीस स्थिरावली, आणि धनी दूर गेल्यावर गांवाच्या वांट्यास भिंती तेवढ्या उरल्या.

भिंतींनीं कुणब्यास काय दिलें? १८१८ सालीं पेशवाई बुडाली. इंग्रजी अंमलांत सारा रोख भरावा लागे, आणि रोख पैसा सावकाराच्या घरीं असे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुप्यास दंगा उसळला, त्याची झळ पारनेर तालुक्यासही पोंचली. लुटीपेक्षां कर्जरोखे हस्तगत करून जाळण्याकडे दंगेखोरांचें लक्ष अधिक होतें. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण कायद्यानें विहिरीस पाणी येत नाहीं.

दुसरें गांव राळेगणसिद्धी. येथें लोक येतात ते वाडा पाहावयास नव्हे. तुटपुंजा पाऊस, उघडे माळ, १९७२ चा दुष्काळ आणि घरोघर शिरलेली दारू हें त्याचें एके काळचें चित्र होतें. १९७५ सालीं किसन बाबूराव, म्हणजेच अण्णा हजारे, लष्करांतून निवृत्त होऊन गांवीं परतले. त्यांनीं आपल्या भविष्यनिर्वाह निधीचे सुमारें २०,००० रुपये यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारास लाविले. तें देऊळच गांवाची बसण्याउठण्याची जागा झालें. विलासराव साळुंखे यांचें मार्गदर्शन मिळालें, नालाबांध झाले, पाणी न धरणारा पाझर तलाव लोकांनीं दुरुस्त केला. उसासारखें फार पाणी पिणारें पीक न घेण्याचें गांवानें ठरविलें. दलित कुटुंबांच्या डोक्यावरचें कर्ज गांवकऱ्यांनीं त्यांच्या शेतांत श्रमदान करून फेडलें. ज्या तालुक्यांत एके काळीं कर्जरोखे जळले, तेथेंच शेजाऱ्याचें कर्ज घामानें फिटावें, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही सनदेहून मोलाची वाटते.

परंतु इतिहासकारानें येथेंही डोळे मिटूं नयेत. दारू न सोडणाऱ्यांस याच देवळापुढच्या खांबाला बांधून फटके मारल्याचें जगजाहीर आहे. वाड्याचा दोष भिंतींत नसतो. एकाचा शब्द आणि इतरांची मान, या व्यवस्थेंत तो असतो. ती व्यवस्था देवळाच्या ओसरीवर येऊन बसली तर तिचें नांव पालटतें, गुण पालटत नाहीं. दारू गेली, संसार सावरले, हें आम्ही मान्य करितों. पण खांबापुढें उभ्या राहिलेल्या माणसाचें म्हणणें कोणत्या दप्तरांत नोंदलें गेलें, हेंही विचारतों.

पाटीलकीचें वतन १९६२ च्या कायद्यानें संपलें. १९९२ सालीं महाराष्ट्र सरकारनें राळेगणच्या धर्तीवर आदर्श गांव योजना आंखली. तेव्हां यापुढें गांवाचा इतिहास लिहितांना दोनच प्रश्न पुसावे, असें आम्हांस वाटतें. गांवची संपत्ति भिंतींत गेली कीं मातींत मुरली? आणि ती कोठें जावी हें ठरवितांना किती जणांस तोंड उघडतां आलें? पहिल्याचें उत्तर राळेगणच्या विहिरी देतात. दुसऱ्याचें उत्तर त्या गांवास आपल्या ग्रामसभेंत दर वर्षीं नव्यानें द्यावें लागेल.