म्यूऑन-चित्रण, पुरातत्त्वीय

विश्वकिरणांतून जन्मणाऱ्या म्यूऑन कणांच्या साहाय्याने टेकडी, तट किंवा पिरॅमिडच्या पोटातील पोकळी न खणता शोधण्याची पद्धत. अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन वातावरणातील अणुकेंद्रांवर आदळले, की अल्पायुषी कण निर्माण होतात आणि त्यांच्या विघटनातून म्यूऑन मिळतात. म्यूऑनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट असते. समुद्रसपाटीवर दर चौरस मीटरला मिनिटाला साधारण १०,००० म्यूऑन पडतात. जास्त ऊर्जेचे म्यूऑन शेकडो मीटर खडक भेदतात. वाटेतला दगड जितका जाड आणि घन, तितके अधिक म्यूऑन अडतात. एखाद्या दिशेने अपेक्षेपेक्षा जास्त कण आले, तर तिकडे पोकळी असण्याचा संभव असतो. ती नेमकी कुठे, हे ठरवायला मोजणी किमान दोन जागांवरून करावी लागते.

लुईस अल्वारेझ यांच्या गटाने खाफ्रेच्या पिरॅमिडखालच्या दालनात उपकरण ठेवून शोध घेतला. तपासलेल्या भागात नवे दालन नाही, असा निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. खुफूच्या पिरॅमिडमध्ये मात्र २०१७ मध्ये किमान ३० मीटर लांबीची पोकळी आढळली. उत्तर बाजूच्या सुमारे ९ मीटर लांब बोळाची खात्री २०२३ मध्ये दगडांच्या फटीतून बारीक कॅमेरा घालून करण्यात आली.

भारतात जमिनीखाली म्यूऑन मोजण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर हे काम केले. पुरातत्त्वाने या अनुभवाचा लाभ घ्यायला हवा.

पांढुर्णा-सौसरकडच्या वाचकाला छिंदवाडा जिल्ह्यातला गोंड राजांचा देवगड आठवेल. तिथून थेट नागपूरपर्यंत भुयार गेल्याची आख्यायिका आहे. एवढ्या लांबीचे भुयार या पद्धतीने शोधता येणार नाही, पण डोंगरी किल्ला तिला सोयीचा असतो : म्यूऑन वरून येतात, म्हणून उपकरण शोधायच्या जागेच्या खालच्या पातळीवर हवे आणि ते उतारावर ठेवता येते. सपाट रानात, उदाहरणार्थ नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांखाली पाहायचे, तर आधी विंधनविवर घ्यावे लागेल. तिरप्या दिशेने म्यूऑन कमी येत असल्याने जाड डोंगराची मोजणी महिनोन्‌महिने चालू शकते.

या टापूत भूविज्ञानाची साथ अनिवार्य आहे. पांढुर्ण्याकडे बेसाल्टचे थर आहेत. सौसरच्या नावाने ओळखला जाणारा 'सौसर समूह' हा प्राचीन रूपांतरित खडकांचा असून त्यात मँगनीजचे जड धातुक सापडते. कुजलेला बेसाल्ट हलका असल्यामुळे पोकळीचा भास होतो, तर जड धातुकामुळे खरी पोकळी झाकली जाऊ शकते. म्हणून खडकांची घनता मोजल्याशिवाय म्यूऑनच्या नोंदीवरून भुयाराचा निष्कर्ष काढू नये.