बिक क्रिस्ताल

बिक क्रिस्ताल : रोजच्या वापरातील स्वस्त बॉलपेन. लास्लो बिरो यांच्या बॉलपेनच्या पेटंटाचे हक्क घेऊन मार्सेल बिक यांनी ते १९५० मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आणले. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी हे त्याचे खरे सौंदर्य; आतली शाई किती उरली ते लिहिता लिहिता दिसत राहते. नळी पेन्सिलीसारखी षट्कोनी असल्याने बोटांत घट्ट बसते आणि उतरत्या मेजावरून सहसा घरंगळत नाही. टोपणाच्या व मागच्या बुचाच्या रंगावरून शाईचा रंग कळतो. टोकाशी पितळी खोबणीत टंग्स्टन कार्बाइडची बारीक गोळी फिरते. मध्यम जाडीच्या पेनात तिचा व्यास सुमारे १ मिमी. तेलकट, दाट शाई तिच्यासोबत कागदावर उतरते, म्हणून टाकापेक्षा किंचित जास्त दाब द्यावा लागतो आणि वहीच्या पानामागे अक्षरांचे उठाव हाताला लागतात. नळीवरच्या बारीक छिद्रामुळे आतबाहेर हवेचा दाब सारखा राहतो. टोपणावरचे छिद्र मात्र जिवाच्या काळजीचे आहे : मुलाने टोपण गिळून ते घशात अडकले, तरी थोडा श्वास चालू राहावा. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या कायम संग्रहात हे पेन आहे.